पाकोळी कुणाच्या हातावर

मला हे नीट आठवतंय की नाही, याची माझी मलाच खात्री नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी पकडायला नको. आयुष्यभर कॉलेजात पोरांना सांगत आलो की एकाच माणसाच्या तोंडच्या गोष्टीला पुरावा म्हणू नका, आणि आज तुम्हाला एकाच माणसाच्या तोंडची गोष्ट सांगायला बसलोय. तीही घाबरलेल्या माणसाच्या. रात्र तेवढी पक्की. एकतीस जानेवारी, मंगळवार. अमावास्या वगैरे काही नव्हती, मी दुसऱ्या दिवशी कॅलेंडर पाहिलं होतं.

नातीनं आज मनगटावर ते आडवं आठाचं चिन्ह काढून आणलंय, म्हणून आठवलं.

"अनंत म्हणतात त्याला, आजोबा."

हो, कळलं. दूध गॅसवर ठेवून विसरतेस आणि हातावर अनंत. असो.

आमच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात तेव्हा एक टॅटूवाला होता. सगळे त्याला शाई म्हणायचे, त्याची बोटं कधी स्वच्छ दिसलीच नाहीत. भिंतीवर चित्रं लावलेली. कवटी, गुलाब, होकायंत्र, फुलपाखरू. प्रत्येकाचा अर्थ तो घडाघडा सांगायचा. फुलपाखरू म्हणजे नवा जन्म, होकायंत्र म्हणजे वाट सापडणं. मी एकदा त्याला अडवलं, "हे अर्थ ठरवले कुणी?" तो हसून म्हणाला, "सर, अर्धे मीच ठरवलेत. गिऱ्हाईक चित्र बघून थांबतं, पण हात पुढे करतं ते अर्थ ऐकून."

त्या मंगळवारी संध्याकाळी त्याला फोन आला. एका माणसाच्या मावशीला टॅटू काढून हवा होता. मावशी अंथरुणाला खिळलेली, दोघांनी धरल्याशिवाय कूसही बदलता यायची नाही. सकाळी तिला वृद्धाश्रमात हलवायचं होतं. "हसू नका, पण हट्टच धरून बसलीय," भाचा म्हणाला. "तेवढं करून टाका. मला रात्री यायला जमणार नाही."

शाईनं स्कूटरवर पेटी बांधली आणि जेवून नऊच्या सुमारास निघाला.

गावाबाहेरच्या रस्त्याला एकटंच घर. दार रात्रीच्या बाईनं उघडलं. सांभाळायला ठेवलेली बाई ती. खोली दाखवली आणि स्वयंपाकघरात जाऊन रेडिओ लावून बसली. घरातलं सामान बांधून झालं होतं. भिंतीवरच्या तसबिरी काढलेल्या, त्यांच्या जागी फिके चौकोन. खोकी दोरीनं आवळलेली. बांधायच्या राहिल्या होत्या फक्त दोन वस्तू. म्हातारीचा पलंग, आणि पलंगाला लागून एक रुंद हातांची लाकडी खुर्ची.

"आजी, काय काढायचं?"

"आधी अर्थ सांगा," म्हातारी म्हणाली. "एक जण नव्या जागी जातो आणि दुसऱ्याला तिथला रस्ता माहीत नसतो. तर दुसऱ्यानं त्याला शोधत यावं, यासाठी काय असतं तुमच्याकडे?"

शाईनं क्षणभर विचार केला. मग जहाजावरच्या लोकांचं सांगितलं. जहाजाचा नांगर म्हणजे इथं थांबलो, आता हलणार नाही. आणि पाकोळी, लांब दुभंगलेल्या शेपटीचा तो लहानसा पक्षी, ती म्हणजे कितीही लांब गेलं तरी आपल्या माणसाकडे परत येणं. हे त्याचं स्वतःचं नव्हतं. हे जुनं होतं.

"मग नांगर मला," म्हातारी म्हणाली. "जिथे पडेन तिथे मी पडून राहणारच आहे."

तिनं डावा हात पुढे केला. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. शाई म्हणाला, "आजी, दुखेल. रक्तही येईल."

"येऊ दे. पण हात असाच धरावा लागतो ना तुम्हाला? पूर्ण वेळ?"

"कातडी ताणून धरावी लागते."

"मग सावकाश काढा."

शाई मला म्हणाला, "सर, तिला टॅटूपेक्षा तेच हवं होतं, असं वाटलं."

नांगर झाला. लहानसा, मनगटाच्या आतल्या बाजूला. त्यानं तो पुसला, वर पट्टी लावली आणि सामान आवरायला घेतलं. तेव्हा म्हातारी म्हणाली, "आता पाकोळी."

"ती कुठे काढू?"

"मला नाही. यांना." तिनं खुर्चीकडे बोट केलं.

खुर्ची रिकामी होती.

"याच खुर्चीत गेले ते. पेपर वाचता वाचता. तेव्हापासून इथेच असतात. बोलत नाहीत काही. आधी तरी कुठे बोलायचे म्हणा!" ती जराशी हसली. मग तिचा चेहरा उतरला. "भाच्याला सांगितलं, खुर्ची बरोबर घे. तो म्हणतो तिथे जागा नाही. उद्या मी गेले की हे या रिकाम्या घरात मला शोधत बसतील. मला काही झालं तर होऊ दे हो. पण यांना कसं कळणार मी कुठे आहे ते?"

काय करणार? तुम्ही असता तर काय केलं असतंत?

"पळालो असतो," समोर ऐकत बसलेला माझा पुतण्या म्हणाला.

शाई पळाला नाही. त्याला वाटलं, म्हातारं माणूस आहे, समाधान करू. खुर्चीच्या हातावर दोन बोटं वर, हवेतच सुई फिरवू. मशीन सुरू करू, आवाज होईल. तिला तेवढं पुरे.

त्यानं सुई शाईत बुडवली. मशीन सुरू केलं. हवेत सुई कशी भणभणते, मोकळी, उंच आवाजात. तशीच भणभणत होती.

त्यानं हात खाली आणला.

आवाज बदलला.

खाली गेला. जड झाला.

टॅटूवाल्याला हा आवाज झोपेतही ओळखू येतो. सुई कातडीत शिरली की असाच येतो.

त्याचा दुसरा हात सवयीनं पुढे गेला होता. अंगठा आणि तर्जनी. कातडी ताणायला.

आणि बोटांखाली... काहीतरी ताणलं गेलं.

गार. सैल. म्हाताऱ्या माणसाचं.

दिसत काही नव्हतं. खुर्चीचं लाकूड दिसत होतं.

त्यानं सुई उचलली. आवाज परत मोकळा, उंच.

स्वयंपाकघरातला रेडिओ बंद होता. कधी बंद झाला...

"थांबू नका," म्हातारी हळूच म्हणाली.

"आजी, मी..."

"अर्धा पक्षी कसा पोचेल हो?"

...

त्यानं पुरा केला. पंख. मान. शेपटीची दोन टोकं. काढलेलं दिसत नव्हतं, फक्त बोटांच्या अंदाजानं. खालचा हात एकदाही हलला नाही. शेवटच्या रेघेला मात्र किंचित थरथरला. दुखल्यासारखा.

शाईची छोटी वाटी जवळजवळ रिकामी झाली होती. खुर्चीच्या हातावर एक थेंब नव्हता. खाली फरशीवरही नव्हता.

म्हातारी रिकाम्या खुर्चीकडे पाहत म्हणाली, "झालं बरं का. आता सुकू द्या."

तिथून शाई थेट माझ्याकडे आला. पहाटेपर्यंत बसून राहिला, दिवा बंद करू दिला नाही. मी मला सुचलं ते सगळं बोललो. मोटर जुनी असेल, वीज कमी-जास्त झाली असेल, आवाज त्यानं बदलतो. थंडीनं बोटं बधिर झाली असतील. तो ऐकत राहिला. मग एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता तसंच असू दे. पण तिला तिथे एकटं वाटू नये म्हणजे झालं." महिन्याभरात त्यानं गाळा सोडला. कुठे गेला, मला माहीत नाही.

मी मात्र अस्वस्थच राहिलो. माझा स्वभावच तसा, पटलं नाही तरी सुटत नाही. बरीच वर्षं गेली. एक जुने सहकारी योगायोगानं त्याच वृद्धाश्रमात राहायला गेले, तेव्हा त्यांना भेटायचं निमित्त करून मी तिथे गेलो. म्हातारी केव्हाच गेली होती. पण तिथली कपडे धुणारी बाई तेव्हाचीच होती, आणि तिला म्हातारी आठवत होती.

"नांगरवाल्या आजी ना? त्यांच्या खोलीत दोन पलंग होते. दुसऱ्यावर कुणी नव्हतं. तरी पहिल्या तीन-चार रात्री दोन्ही चादरी खराब. मी आमच्या मुलींवर ओरडले, रात्री कोण झोपतं तिथे म्हणून. सगळ्या शपथा घेतात!"

"कशानं खराब?"

"शाईनं. आजींचं तर मला कळलं. टॅटू ताजा असला की झरतो, चादरीवर त्याचा छाप उठतो. त्यांच्या चादरीवर नांगर उठायचा. पण त्या दुसऱ्या चादरीवर पक्षी होता. दोन टोकांच्या शेपटीचा."

मी विचारलं, चादरीवर नेमका कुठे? का विचारलं, ते आजही सांगता येणार नाही.

मग तिनं हात लांब करून दाखवलं.

"मध्ये नाही. अगदी काठावर. आजींच्या पलंगाकडच्या बाजूला. आणि आजींचा नांगर पण काठावरच उठायचा. त्या रिकाम्या पलंगाकडच्या बाजूला."