आवळलेल्या स्क्रूची रेघ

रायफल टेबलावर होती आणि ती घडवणारे आनंदराव गजभिये तिला बोट लावायला तयार नव्हते.

"मी एकट्यानं खोलली तर लोक म्हणतील, बुढ्यानं आपलीच चूक बुजवली," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही साऱ्यांसमोर खोला. चूक माह्यी निघाली तं दुकान बंद करतो."

खासगी तपास करणारी मिनल वैरागडे रामदासपेठेतलं ऑफिस सोडून सकाळीच त्यांच्या कारखान्यात आली होती. सोबत मावसभाऊ सुशील होता. मिनलच्या डोक्याचं त्याला कायम नवल वाटे, आणि स्वतःच्या डोक्याला तो फारसा त्रास देत नसे. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्यापुढे ताजी फुलं, खाली पुसून ओळीनं लावलेली हत्यारं.

प्रकरण असं होतं. नंदिनी राऊत या नेमबाज मुलीसाठी आनंदरावांनी ही रायफल बांधली. दसऱ्यापर्यंत गोळ्या एका जागी बसत, त्यानंतर भरकटू लागल्या. उद्या संघाची निवड होती. नंदिनीनं मैदानावर चारचौघांत आनंदरावांना कच्चा कारागीर म्हटलं होतं.

"पण आत बिघडण्यासारखं आहे तरी काय?" सुशीलनं विचारलं.

आनंदरावांनी दुसरी अर्धवट रायफल पुढे ओढली. "नळीच्या मुळाशी हा पोलादी दात. याले लग म्हणतो आमी. गोळी सुटली का सारा धक्का हा दात लाकडाले देते. म्हणून मागून तो लाकडाले पक्का टेकला पाहिजे. पन पुढं, बाजूले अन् खाली फट पाहिजे. बसवताना तिथं टेप लावतो, मंग काढून घेतो. टेपची जाडी तेवढी फट."

त्यांनी पतंगाच्या कागदाची पट्टी दातापुढून अलगद फिरवून दाखवली.

"अन् ही फट बुजली तर?" सुशीलनं विचारलं.

"नळी तापली का दाताले जागा पुरत नाही. मंग गोळी आपल्या मनानं जाते."

सुशील बघतच राहिला. एवढा स्फोट, एवढं पोलाद, आणि सगळी मदार कागदाएवढ्या रिकाम्या जागेवर!

मिनल भिंग घेऊन रायफलच्या पोटाकडे वाकली होती. तिथले दोन स्क्रू बसवल्यावर आनंदराव स्क्रू आणि धातू यांवरून एक पांढरी रेघ ओढत. ती रेघ तुटली होती. स्क्रूवरचा तुकडा आवळण्याच्या दिशेनं पुढे सरकला होता. खाचेत लालसर कण होते.

"गंज," सुशील म्हणाला.

मिनलनं ओला कापूस लावला. तो लालभडक झाला.

मिनलनं बोलावल्यावरून आधी नेमबाज ऋषी आला. संघातल्या त्याच जागेवर त्याचाही डोळा होता, आणि मैदानावरच्या शस्त्रांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असे.

"संशय माझ्यावरच येणार, माहीत आहे. पण मला हरवायचंय ते नंदिनीला, तिच्या रायफलीला नाही," तो म्हणाला. "अन् लगची फट काय असते ते आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात."

मग नंदिनी आली. पारशिवनीहून आलेले तिचे वडील रुपराव सोबत होते.

"स्क्रूंना मी हात लावत नाही, काकांची ताकीद आहे," नंदिनी म्हणाली. "खंडेनवमीला तेवढी गावी, घरी पूजेला काढली, औजारांच्या ओळीत ठेवली. मी स्वयंपाकघरात होते. नंतर पेटीत बंद केली."

रुपराव इतकंच म्हणाले, "पोरीचा खांदा निळा पडते, मॅडम. मले पाहवत नाही."

सुशीलचं स्टूल मघापासून डुगडुगत होतं. रुपराव उठले, खालची एक ढलपी उचलून चाकूनं तासली आणि पायाखाली सरकवली. स्टूल गप्प बसलं. तेही जागेवर जाऊन बसले.

मिनल पहिल्यांदाच हसली. "ऋषीला आत बोलवा. आता उघडू."

सगळे टेबलाभोवती जमले.

"बिघडवायला आलेला माणूस स्क्रू सैल सोडतो," ती म्हणाली. "इथे ते जास्तच आवळलेत. म्हणजे उघडणाऱ्याला रायफल सुधारायची होती. ऋषीला फट म्हणजे काय ते ठाऊक आहे, तो सुधारायला जाणार नाही. आणि खाचेतला लाल रंग गंजाचा नाही, कुंकवाचा आहे."

"पूजेचं असेल," सुशील म्हणाला.

"पूजेचं कुंकू वरच्या अंगाला लागतं. पोटातल्या खाचेत ते पेचकसाच्या टोकावरून आलं. तो पेचकस त्याच दिवशी पुजलेला होता. आनंदराव बौद्ध आहेत, इथली हत्यारं कोणी पुजत नाही. राऊतांच्या घरची पुजली होती." तिनं स्टुलाच्या पायाकडे पाहिलं. "आणि ढिली वस्तू ज्यांना बघवत नाही, ते आपल्यासमोर आहेत."

रुपरावांची मान खाली गेली. "पुसाले खोलली होती. पाहतो तं दात ढिला. कुदळीचा दांडा ढिला असला का धक्का हातालेच बसते. वाटलं, म्हणूनच पोरीचा खांदा दुखून राहिला. मंग पाचर मारली."

आनंदरावांनी तेव्हा कुठे रायफलीला हात लावला. स्क्रू निघाले, नळी वर आली. दाताच्या पुढच्या फटीत बांबूची चपटी पाचर होती, नखासारखी गुळगुळीत. तिनं ती बारीकशी जागा काठोकाठ भरली होती. पोरीच्या काळजीनं एखादा बाप इतकं बारीक तासू शकतो, हे सुशीलच्या ध्यानीमनी नव्हतं.

नंदिनीनं ती पाचर उचलून तळहातावर घेतली. मग ती वडिलांना बिलगली आणि आनंदरावांना म्हणाली, "काका, चारचौघांत बोलले, आता माफीही चारचौघांतच मागीन."

दुसऱ्या दिवशी तिच्या गोळ्या एका तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या. निवड जाहीर होताच तिनं माईक मागून घेतला, माफी मागितली आणि रायफल बांधणाऱ्याचं पूर्ण नाव घेतलं.

प्रेक्षकांच्या कठड्याचा एक खांब हलत होता. रुपरावांचा हात सवयीनं तिकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी शेजारी उभ्या आनंदरावांकडे पाहिलं.

"हे हालते ते बरोबर आहे का जी?"

आनंदरावांनी खांब हलवून पाहिला. डोळे पुसत ते म्हणाले, "नाही जी, हे ढिलंच आहे. मारा पाचर."