उबुकातांचा शेवटचा हेडफोन

हेडफोन पारखायचं काम मी सव्वीस वर्षं केलं आणि गेल्या वर्षी सोडलं. म्हाताऱ्याचे कान गेले, असं टोकियोत सगळे समजतात. समजू देत. तुम्ही आज सरळ विचारलंत, म्हणून सांगतो. तो दिवा जरा इकडे सरकवा. अंधारात ही गोष्ट सांगायची माझी छाती नाही.

मासिकात दर महिन्याला माझी चार पानं असायची. आवाज कसा, घालून आराम किती, आणि किमतीचं चीज होतं का. तीन रकाने, प्रत्येकी दहा गुण. महागातली महाग वस्तूच माझ्या टेबलावर यायची. माझ्या एका गुणानं माल उचलला जायचा, एका गुणानं गोदामात धूळ खात पडायचा. ह्याची एक नशा असते. मला ती होती.

जानेवारीत आमचा संपादक नेझु, त्याचा फोन आला. मला तो सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायचा.

"सेन्सेई, किर्युहून एका बाईंचं पत्र आलंय. उबुकाताबाई. नवरा नोव्हेंबरात गेला. त्यानं केलेला शेवटचा हेडफोन विकायचाय म्हणतात, पण दुकानदाराला आधी जाणकाराची चिठ्ठी हवी."

"दुसऱ्या कुणाला तरी पाठव."

"हिरुकावा, असं तुमचंच नाव लिहिलंय. दोनदा." तो हसला. "चहा दिला तर आधी त्यांना प्यायला लावा हं."

नेझुला असले विनोद सुचतात, कारण सगळं त्याला ठाऊक होतं. मलाही होतंच.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. हे उबुकाता किर्युत, रेशमाच्या त्या जुन्या गावात, हेडफोन हातानं बनवायचे. वाट्या किरीच्या हलक्या लाकडाच्या, त्यावर लाखेचं काम. कानावरच्या गाद्या गावातच विणलेल्या रेशमाच्या, आत पिंजलेला कोष भरलेला. हाताखाली तीन माणसं. वर्षाला जेमतेम चाळीस नग निघायचे. त्यांनी एक नग मासिकाकडे पाठवला. मी तो लावला आणि दहा मिनिटांत काढून ठेवला. दहासुद्धा नसतील. त्या अंकात माझ्या पानांसमोर एका मोठ्या कंपनीची पानभर जाहिरात होती आणि त्याच कंपनीचा हेडफोन मला वर काढायचा होता. मी लिहिलं: 'खर्ज पोकळ. गाद्या कानांवर बसत नाहीत. तीन दिवस ऐकूनही ह्या किमतीचं समर्थन सापडलं नाही.' किमतीच्या रकान्यात दोन गुण दिले.

अंक निघाल्यावर उबुकाता स्वतः कचेरीत आले. ठेंगणा माणूस, कोटाला इस्त्री केलेली, नखांत लाख. ओरडले नाहीत. कमरेत वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "सेन्सेई, एकच विचारतो. सलग तासभर लावला होतात का? रेशमाला अंगाची ऊब लागते. तासाभरानं गाद्या बसतात. त्या बसल्याशिवाय खर्ज येतच नाही."

"तीन दिवस लावला होता," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग पुन्हा वाकले आणि गेले. वर्षभरात त्यांची तिन्ही माणसं दुसरीकडे लागल्याचं कानावर आलं. मी त्यावर काही विचार केला नाही. खरं सांगायचं तर करायचा टाळला.

तरीही मी किर्युला गेलो. का गेलो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मेलेल्या माणसाला चांगले गुण द्यायला काही लागत नाही, आणि दिले की मनावरचं ओझं उतरेल, असा हिशेब असावा.

दुपारी दोनला पोचलो. डोंगरावरून कोरडा वारा सुटला होता. गल्लीत माणूस नाही. विणकरांच्या जुन्या गिरण्यांची करवतीसारखी छपरं एकामागून एक, आणि त्यातल्याच एका छपराखाली उबुकातांचा कारखाना. उबुकातांच्या बायकोनं, तोमिएबाईंनी दार उघडलं. सत्तरीच्या, सडसडीत, केस घट्ट बांधलेले.

"या सेन्सेई. आमचा वारा टोकियोवाल्यांना सोसत नाही. चहा घेणार?"

मला नेझुचे शब्द आठवले आणि लाज वाटली. चहा घेतला. सोबत मुळ्याचं लोणचं होतं. त्या समोर बसून मी खातो ते पाहत होत्या. नवऱ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मला विचारायचं धैर्य झालं नाही.

कारखान्यात तार गुंडाळायची तीन यंत्रं कापडानं झाकलेली होती. लाख, कापूर आणि थंड राखेचा वास. मधोमध एक खोली, खोलीच्या आत बांधलेली. ऐकायची खोली. दार बँकेच्या तिजोरीसारखं जाड. आत एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर तबकडी वाजवायचं आणि आवाज वाढवायचं यंत्र आणि तो हेडफोन. काळ्या लाखेत चमकत होता. गाद्या कोऱ्या, पांढऱ्या.

"हा कुणीच लावलेला नाही?" मी विचारलं.

"नाही. झाला त्याच दिवशी ते गेले." त्यांनी खुर्चीची पाठ पुसली. "एक विनंती आहे. ह्या वेळी पूर्ण एक तास. मी बाहेर घड्याळ लावून बसते. आणि दिवा मालवते. ते अंधारातच पारख करायचे. उजेडात कान आळशी होतात म्हणायचे."

'ह्या वेळी' हे शब्द मी ऐकले. ऐकले नाहीत असं दाखवलं.

दार बंद झालं. तसल्या खोलीत तुम्ही कधी बसला नसाल. तिथं शांतता नसते, शांततेचा दाब असतो. आपलंच रक्त वाहताना ऐकू येतं. आपण गिळलेला आवंढा दगड पडावा तसा वाजतो. मी पारखायला नेहमी वापरायचो ती तबकडी दिवा मालवण्याआधीच चढवली होती; चाचपडत बटण दाबलं. एका बाईचं गाणं आणि साथीला नुसतं शामिसेन, कातडं मढवलेलं तीन तारांचं वाद्य. हे मी हजारो वेळा ऐकलेलं होतं. त्यातला बाईचा प्रत्येक श्वास मला पाठ होता.

सुरुवात साधीच झाली. तारा स्वच्छ, आवाज मोकळा, पण खाली पोकळ. मनात म्हटलं, चला, मी लिहिलं ते अगदीच खोटं नव्हतं तर. आराम मात्र विलक्षण. वजन जाणवेचना. हळूहळू गाद्या ऊबदार झाल्या. मग आणखी ऊबदार झाल्या. रेशीम इतकं तापतं हे मला नवीन होतं.

वीस-पंचवीस मिनिटांनी गाणं संपलं. मी पुन्हा बटण दाबलं नाही, तसाच बसून राहिलो. आणि त्या काळोखात मला श्वास ऐकू आला. गाणाऱ्या बाईचा नव्हे. तिचे श्वास मला ठाऊक होते. हा म्हाताऱ्या पुरुषाचा, नाकातून, सावकाश, एकाग्र होऊन काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा. मी चाचपडत हेडफोनची यंत्रात खोचलेली तार शोधली आणि ओढून काढली. श्वास चालूच राहिला... लाखेचा वास वाढला होता. अगदी माझ्या मानेमागून येत होता.

बस झालं, म्हणून मी हेडफोन काढायला दोन्ही हात वर नेले.

बोटांना लाकूड लागलं नाही. हात लागले. कुणाच्या तरी हातांची मागची बाजू... सुरकुतलेली कातडी, वर आलेल्या शिरा, आणि नखांच्या कडांना वाळलेल्या लाखेचा खरखरीतपणा. ते हात माझ्या कानांवर दाबून धरलेले होते. जोरात नव्हे. जखमेवर कापूस धरावा तसे, जपून.

"हलू नका," कुणीतरी म्हणालं. कानात नव्हे. दोन्ही कानांच्या मध्ये, डोक्याच्या आत. "अजून बसल्या नाहीत..."

मी माझे हात मांडीवर आणले आणि ते पुन्हा उचलले नाहीत. ओरडलोही नाही. त्या खोलीतून ओरडून उपयोग नसतो. तार माझ्या मांडीवर पडलेली होती आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

आता पुढचं ऐका, कारण माझ्यासाठी तेच सगळ्यात वाईट आहे. खर्ज आला. जमिनीतून पाणी वर यावं तसा आला. शामिसेनच्या पोकळीतली हवा मला ऐकू आली, वादकाच्या बोटाखालचं कातडं ऐकू आलं. ती बाई माझ्यापासून हातभर अंतरावर बसून गात होती आणि गाताना तिला रडू येत होतं. हजार वेळा ऐकूनही हे मला कधी कळलं नव्हतं. इतका खरा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. पुन्हा ऐकणारही नाही. आणि तो ऐकताना भीतीनं माझे दात वाजत होते. पारखी म्हणून माझा तो सगळ्यात मोठा तास. त्यातलं सुखही मला घेता आलं नाही.

दार उघडलं. उजेड डोळ्यांत घुसला. तोमिएबाईंनी माझ्या डोक्यावरून हेडफोन स्वतः उतरवला आणि गाद्या उजेडाकडे धरल्या. पांढऱ्या रेशमात माझ्या दोन्ही कानांचे ठसे उमटले होते. पाळ्या, कडा, सगळं.

"बसल्या," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी फडताळातून एक खोका आणला. आत तोच, नऊ वर्षांपूर्वीचा नग, मी मासिकाकडून परत पाठवलेला. गाद्यांवर एक सुरकुती नव्हती. दुकानातून आणलेल्या उशीसारख्या गुळगुळीत.

"खोका परत आला त्याच दिवशी त्यांना कळलं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आले ते विचारायला नाही, सेन्सेई. तुम्ही खरं बोलता का ते बघायला आले होते."

"मग... मग ते बोलले का नाहीत? छापलं असतं आम्ही."

"छापलं असतंत?"

मी खोक्याचं झाकण लावलं.

"नऊ वर्षं ते एकटेच गाद्या करत राहिले," बाई हेडफोन फडक्यात गुंडाळत बोलत होत्या, भाजीचा भाव सांगावा तशा. "लवकर बसतील अशा. घाईच्या माणसांसाठी. जमलं नाही. नोव्हेंबरात एका सकाळी आत गेले. कुणी मध्ये आलेलं त्यांना चालायचं नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी दार उघडलं. ह्याच खुर्चीत होते. हेडफोन टेबलावर. आणि हात... दोन्ही हात उघड्या कानांवर असे धरलेले. अंत्यविधीवाल्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. खाली आले नाहीत. तसंच न्यावं लागलं."

मी तिथंच बसून चिठ्ठी लिहिली. आवाज दहा, आराम दहा, किमतीचं चीज दहा. सही केली. त्यांनी ती वाचली, घडी केली आणि मला परत दिली.

"दुकानदार वगैरे कुणी नाही," त्या म्हणाल्या. "विकायचा नाहीये मला. तुम्ही तासभर बसावंत, एवढंच हवं होतं." मग दारापर्यंत सोडायला आल्या आणि रिवाजाप्रमाणे वाकल्या. "सावकाश जा. वारा आहे."

टोकियोला येऊन मी सगळं कबूल करणारा लेख लिहिला. नऊ वर्षांपूर्वी खोटं लिहिलं, हे स्वच्छ शब्दांत. नेझुनं तो उभ्याउभ्याच वाचला.

"सेन्सेई, बाजारात नसलेल्या वस्तूवर चार पानं? आणि वर तुम्ही खोटारडे म्हणून? मासिक बुडवायचंय का? घरी जा, झोपा जरा."

लेख छापला गेला नाही. त्याची प्रत तोमिएबाईंना पाठवली. उत्तर आलं नाही.

त्यानंतर काम होईना. कुठलाही हेडफोन लावला की आवाज दबलेला यायचा, मध्ये काहीतरी असल्यासारखा. नवा लावला, जुना लावला, महागातला महाग लावला, तेच. वयामुळे असेल म्हणून फेब्रुवारीत कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तपासणीला पाठवलं. काचेची छोटी खोली, कानांवर त्यांचा साधा हेडफोन, उजव्या हातात बटण. बारीक शिट्टी ऐकू आली की दाबायचं. काचेपलीकडे एक तरुण मुलगी यंत्रावर आकडे टिपत होती. डाव्या हातानं मी मांडीवरचा कोट धरून बसलो होतो.

पाच मिनिटांनी तिनं वर पाहिलं. भोंग्यातून तिचा आवाज आला, अगदी प्रेमळ.

"हिरुकावासान, हेडफोनवर हात नका ना दाबून धरू. आकडे चुकतात."

मी हातातल्या बटणाकडे पाहिलं. कोटाकडे पाहिलं.

मग ती थोडं त्रासून, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "दोन्ही हात, प्लीज... खाली."