पट्ट्या हलल्या नाहीत

या, असे जवळ सरकून बसा. आमच्या शेजारच्या केशरबाईचा जावई हनुमंत, त्याची ही गोष्ट. त्याच्याच तोंडून ऐकली, म्हणून सांगतो.

यंदाच्या संक्रांतीची आदली रात्र, भोगीची. केडगावला एका शेडमध्ये हनुमंत ग्राइंडिंग मशीनवर कामाला होता. आठवडाभर बंद असलेल्या जुन्या मशीनवर लोखंडाच्या बारा पट्ट्या घासायच्या होत्या. सकाळी सहाला टेम्पो येणार. मागं त्याच्या हातून दोन पट्ट्या बिघडलेल्या, तेव्हा मालक आप्पासाहेब म्हणाले होते, "आता एक जरी गेली, तर कामावर येऊ नको." घरी बायकोला, पंकजाला सातवा महिना.

काम असं असतं. मशीनच्या टेबलावर लोहचुंबकाची पाटी असते. तिला मॅग्नेट म्हणतात. बटण दाबलं की ती लोखंड धरून ठेवते आणि टेबल फिरत्या दगडाखालून पुढं-मागं जातं. पट्टीची कड घासायची तर ती उभी धरावी लागते. उभी पट्टी नुसत्या मॅग्नेटवर टिकत नाही. दोन्ही अंगांना जाड ठोकळे टेकवावे लागतात. नाहीतर दगड तिला बंदुकीच्या गोळीसारखं फेकतो.

ठोकळे लावले तर एका वेळी एकच पट्टी बसते. हनुमंतानं ते बाजूला सारले आणि चार-चार पट्ट्या उभ्या केल्या.

वॉचमन अजिनाथ चहा घेऊन आला. "ठोकळं कुठं हायत रं?"

"लई टाइम जातो, भाऊ. मॅग्नेट हाय की."

"सूर्यभान मिस्त्रीबी हेच म्हनला हुता. ह्याच मशीनवर. पट्टी छातीत बसली, जाग्यावर गेला."

"सनाच्या दिशी काय सांगता राव! चहा ठिवा, भूत घिऊन जा."

अजिनाथ हसला नाही. कप ठेवून गेटावर गेला.

साडेअकराला पहिल्या चार झाल्या. एकही हलली नाही. बटण बंद करून हनुमंत पट्टी उचलायला गेला... येईना. मॅग्नेट बंद केल्यावरही लोखंड जरा चिकटून राहतं. त्यानं लाकडानं ठोकलं, तेव्हा सुटली.

दुसऱ्या चार सुटायला जास्त वेळ लागला.

शेवटच्या चार झाल्या तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं. तीन सुटल्या. चौथी सुटेना. दोन्ही हातांनी ओढली. पाय रोवून ओढली. ती जागची हलेना.

त्याला शंका आली. त्यानं बटण पुन्हा चालू केलं. लाल दिवा लागला. पाटीवर पाना ठेवला. एका बोटानं ढकलला.

पाना सरकला. खाली पडला.

मॅग्नेट मेलेलं होतं.

कधीपासून...?

पट्टी तशीच उभी. शेडमध्ये कसलाच आवाज नाही. मशीनवरून पाणी गळत होतं, तेवढंच. टप... टप...

हनुमंतानं हात जोडले.

"मिस्त्री... झालं काम. सोडा आता."

पट्टी अलगद हातात आली.

सकाळी वायरमननं मागचं झाकण उघडलं. आत उंदरानं वायर कुरतडून घर केलेलं. "चार-पाच दिसांची पिल्लं हायत ही. तवापासून मॅग्नेटला करंट न्हाई, दादा."

आप्पासाहेबांनी बाराही पट्ट्या मोजमाप करून पाहिल्या. एकीतही खोट नाही. हनुमंताची नोकरी राहिली.

टेम्पोत भरताना मात्र अजिनाथ थबकला. घामट हात ताज्या घासलेल्या लोखंडाला लागला की रात्रीत गंज उमटतो. प्रत्येक पट्टीवर गंज होता. एका अंगाला चार बोटं. दुसऱ्या अंगाला अंगठा.

पट्टीवर ठोकलेला नंबर हनुमंत नेहमी आपल्या बाजूला ठेवायचा. बोटं नंबराच्या अंगाला होती, अंगठा पलीकडं. पट्टी हातात धरली की अंगठा धरणाऱ्याकडं राहतो, बोटं पलीकडच्या अंगाला. म्हणजे धरणारा त्याच्या समोर उभा होता. मशीनच्या पलीकडं.

पलीकडं भिंत आहे, पोरांनो. मध्ये वीतभरही जागा नाही.