काळे निघालेले लार्च

येल्का झुपान्कचं रडून झालेलं होतं. आता नुसता राग उरला होता. तिनं ओला कोट काढला नाही, कॉफी नको म्हणाली आणि हातातली पिशवी वेस्ना ओरेलच्या टेबलावर रिकामी केली.

पोस्टकार्डाएवढ्या सहा काळ्या फिल्म्स. आणि सहा रिकामी कागदी पाकिटं.

"माझ्या नवऱ्यानं माझ्या फोटोंची वाट लावली," ती म्हणाली. "मला ते सिद्ध करून हवंय."

वेस्ना खाजगी तपास करत असे. लुब्ल्यानातल्या तिच्या त्या दोन खोल्यांत बहुतेक वेळा पळून गेलेले नवरे आणि खोटे विम्याचे दावे येत. काळ्या फिल्म्स पहिल्यांदाच आल्या होत्या. खिडकीजवळ तिचे सिरिलमामा बसले होते. ते निवृत्त ग्रंथपाल. भाचीच्या फायली लावायला येतो असं ते सांगत. खरं म्हणजे इथली शेगडी त्यांच्या घरच्यापेक्षा बरी होती.

"पहिल्यापासून सांगा," वेस्ना म्हणाली. "मला फोटोतलं काही कळत नाही असं धरून."

येल्कानं सांगितलं. तिचा नवरा रायको डोंगरांचे फोटो काढणारा नावाजलेला माणूस. वीस वर्षं ती त्याचा ट्रायपॉड वाहत होती. गेल्या वर्षी तिनं स्वतःचा कॅमेरा घेतला. तोही तसलाच, पेटीसारखा, डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचा. फक्त फिल्म पाकिटातली.

"एका पाकिटात एकच फिल्म. पाकीट कॅमेऱ्यामागच्या होल्डरमध्ये सारायचं. फिल्मच्या टोकाला पत्र्याची क्लिप असते, ती होल्डर पकडून ठेवतो. मग कागद बाहेर ओढायचा. फिल्म आत राहते, फोटो घ्यायचा, कागद परत आत ढकलायचा. संपलं. डोंगरावर अंधारी खोली शोधत बसायला नको."

ऑक्टोबरात ती बोहिन्य खोऱ्याच्या वरच्या कुरणांवर गेली होती. लार्चची झाडं पिवळीजर्द झाली होती, मागच्या कड्यांवर पहिलं बर्फ. तिनं सहा फोटो घेतले. दुसऱ्या दिवशी वादळ झालं आणि झाडं बोडकी झाली.

"क्रान्य शहरातल्या कलादालनात मला एक भिंत मिळाली आहे. पुढच्या महिन्यात प्रदर्शन. लॅबमधून या आल्या." तिनं फिल्म्सकडे बोट केलं. "रायकोनं समितीला सांगितलं की बिचारी कागद ओढायलाच विसरली. आणि म्हणाला, भिंत रिकामी नको, मी भरतो."

"आणि तुम्ही खरंच विसरला तर नसाल?" मामांनी चाचरत विचारलं.

"आजोबा, तुम्ही घरातून निघताना पँट घालायला विसरता का?"

मामा लाल झाले. विषय बदलायला म्हणाले, "कुणीतरी पाकिटं उघडली असतील. उजेड शिरला आणि झाल्या काळ्या."

"उलटं," येल्का म्हणाली. "ही स्लाइडची फिल्म. उजेड शिरला तर काचेसारखी पारदर्शक होते. काळी म्हणजे तिनं उजेड बघितलाच नाही."

वेस्नानं एक फिल्म उचलली. चारी कडांवरून बोट फिरवलं. मग दुसरीवरून, मग तिसरीवरून. साऱ्या कडा गुळगुळीत होत्या. मग तिनं रिकाम्या पाकिटांवरचं पेन्सिलीतलं अक्षर बघितलं.

"हे तुमचंच?"

"माझंच. प्रत्येकावर मी जागा लिहिते."

दारापाशी जाऊन येल्का थांबली. आवाज एकदम लहान झाला. "आणि समजा मीच विसरले असेन तर? सहाच्या सहा वेळा? तसं निघालं तर मी कॅमेरा विकून टाकते. मग त्याचा ट्रायपॉडच बरा."

*

रायको झुपान्क दाढीवाला, रुंद माणूस होता. घराच्या भिंतींवर त्याचेच डोंगर होते.

"पाकिटं!" तो म्हणाला. "सूपची मिळतात ना, गरम पाणी ओता आणि ढवळा? तसली ही फोटोग्राफी. मी डब्यातली सुटी फिल्म घेतो आणि अंधारात बोटांनी होल्डरमध्ये भरतो."

"बघू एखादी?"

त्यानं एक धुतलेली स्लाइड दिली. वेस्नानं तिच्याही कडांवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. मामांनी भाचीला कोपर मारलं. तिनं लक्ष दिलं नाही.

"ही फिल्म आणि तुमच्या बायकोची, एकाच जातीची?"

"एकच कंपनी, एकच जात. माझी डब्यात, तिची पाकिटात."

"डोंगरावरून आल्यावर तिची पाकिटं रात्रभर कुठे होती?"

"फ्रीजमध्ये. माझ्या सॉसेजशेजारी."

"हात लावलात?"

"सॉसेजला."

"तुमची बायको फोटो चांगले काढते का हो?"

रायकोनं दाढी खाजवली. "माझ्याजवळ शिकली ती."

"मी ते नाही विचारलं."

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "समितीला तिची नुसती दोन चित्रं दाखवली होती, जुनी. माझी बारा होती. भिंत तिला दिली. ताज्या नजरेचं काहीतरी हवं होतं म्हणे. माझी नजर काय शिळी झाली?"

रस्त्यावर आल्यावर मामा म्हणाले, "हाच. मत्सरानं जळतोय. आणि त्याच्या फिल्मच्या कडा अगदी तशाच आहेत!"

"जळतोय खरा," वेस्ना म्हणाली. "ते काही तो लपवत नाही."

*

दारिंका म्लाकर त्यांना कॉफीच्या दुकानात भेटली. ती येल्काची मैत्रीण, फोटो-क्लबातली. त्या दिवशी दोघी डोंगरावर बरोबर होत्या. क्रीमच्या वडीचा मोठा तुकडा तोंडात टाकत ती म्हणाली, "मी खोटं नाही बोलणार. ऐकल्यावर मला पहिल्यांदा बरंच वाटलं. मग वाईट वाटलं. पण पहिल्यांदा बरंच."

"का?"

"आम्ही एकाच झोपडीत झोपलो. ती अंधारात उठून गेली, मला उठवलं नाही. मी पोचले तोवर धुकं. तिला सोनं, मला राख."

"झोपडीत तिची पाकिटं बदलता आली असती तुम्हाला?"

"माझी ठेवून तिची उचलायची? तिचं अक्षर मला येत नाही. माझं कोंबडीच्या पायांसारखं आहे."

"मग पाकीट तिचंच ठेवून आतली फिल्म बदलायची?"

दारिंका हसली. "बाई, ती क्लिप कारखान्यात यंत्रानं दाबतात. मी एकदा प्रयत्न केलेला, वाया गेलेली फिल्म काढून दुसरी घालायचा. नखं तुटली, नवी फिल्म काही तिच्यात बसली नाही. हे बघा, काय पकड असते." तिनं पर्समधून स्लाइड काढून खिडकीच्या उजेडात धरली. एका आखूड कडेला बारीक दातांची ओळ उमटली होती. "पाकिटातल्या प्रत्येक स्लाइडला हा चावा असतो. चौकटीखाली जातो म्हणून कुणी बघत नाही."

"लॅब कुणाची?"

"आमची सगळ्यांचीच स्रेच्को गोलोबची. बिचारा. त्यानंही या भिंतीसाठी अर्ज केला होता, तुम्हाला माहितेय? चौथ्यांदा. आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं, समितीतल्या माझ्या मावशीकडून कळलं. त्याचे फोटो काय होते ते तिला आठवेनाच."

*

स्रेच्कोची लॅब जुन्या घराच्या तळमजल्यावर होती. तो बारीक, नीटनेटका माणूस होता. त्यानं पाहुण्यांना फळांच्या दारूचे छोटे पेले दिले.

"येल्काचं वाईट झालं," तो म्हणाला. "पण नवख्या हातांचं होतं असं. कागद ओढलाच नाही की फिल्म कोरी."

"तिची पाकिटं उघडली कुणी?"

"मीच. आणखी कोण? आतून कडी लावतो, मिट्ट अंधारात एकेक पाकीट उघडतो, क्लिपा ओढून काढतो, फिल्म्स टांगतो. या दारातून दुसरं माणूस आत येत नाही. रायकोसुद्धा नाही."

"तुम्ही स्वतः फोटो काढता?"

"छे. कधीच सोडलं. मी फक्त दुसऱ्यांचे धुतो."

मामांना दारू तिखट लागली, त्यांनी पाणी मागितलं. स्रेच्कोनं फ्रीज उघडला. आंबट कोबीच्या बरणीशेजारी सुट्या फिल्मचा एक डबा होता. त्याचं सील तोडलेलं होतं.

*

दोन दिवसांनी वेस्नानं सगळ्यांना त्याच लॅबमध्ये बोलावलं. येल्का आईकडे राहायला गेली होती. ती रायकोपासून लांब, दाराशी उभी राहिली. मध्ये काचेचं टेबल होतं, खाली दिवा लावलेलं. स्रेच्को त्याच्यामागे हात बांधून उभा होता.

"फिल्म्स काळ्या आहेत," वेस्नानं सुरुवात केली. "म्हणजे त्यांच्यावर उजेड पडला नाही. मग दोनच गोष्टी शक्य आहेत. येल्काबाईंचा हात चुकला, किंवा या फिल्म्स त्यांच्या नव्हेतच."

तिनं दारिंकाची स्लाइड टेबलावर ठेवली. दातांची ओळ स्पष्ट दिसली. शेजारी सहा काळ्या फिल्म्स मांडल्या.

"पाकिटात राहिलेल्या प्रत्येक फिल्मला क्लिप चावते, फोटो काढा किंवा काढू नका. बोट फिरवून बघा. या सहांना चावा नाही."

येल्कानं बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. "म्हणजे..."

"म्हणजे या फिल्म्स पाकिटात कधी नव्हत्याच. या डब्यातल्या सुट्या फिल्म्स आहेत. तुमचा हात चुकलेला नाही."

मामांनी हळूच रायकोकडे बोट दाखवलं. "सुटी फिल्म तर हे वापरतात."

"वापरतात. आणि पाकिटं रात्रभर यांच्या फ्रीजमध्ये होती. म्हणून मलाही आधी तसंच वाटलं. पण मामा, यांनी सुटी फिल्म पाकिटात बसवली कशी? त्या क्लिपेत दुसरी फिल्म बसत नाही, दारिंकाबाईंनी नखं मोडून बघितलंय. घरी बसली नसती, झोपडीतही नाही. पाकिटं इथे येईपर्यंत आत येल्काबाईंच्याच फिल्म्स होत्या. अदलाबदल झाली ती पाकिटं उघडून क्लिपा काढल्यानंतर. आतून कडी लावलेल्या अंधारात. जिथे दुसरं माणूस येत नाही."

स्रेच्कोचे बांधलेले हात सुटले.

"फोटो काढणं सोडलं म्हणालात," वेस्ना त्याला म्हणाली, "मग चौथा अर्ज कशाला? आणि फ्रीजमधला तो उघडा डबा?"

"पण हा तर रोज असल्या फिल्म्स हाताळतो," मामा गोंधळून म्हणाले. "चाव्याचं याच्या लक्षात कसं आलं नाही?"

"काळी फिल्म कोण निरखून बघतं? लोक तोंड फिरवतात. स्रेच्कोंनी तेच धरलं होतं."

स्रेच्कोनं खालचा खण ओढला, आतून एक सपाट खोकं काढलं आणि सहा स्लाइड्स टेबलावर एकेक करून ठेवल्या. काच पिवळी झाली. लार्च जणू आतून पेटले होते. मागे निळसर बर्फ, आणि एका कोपऱ्यात गुरं नसलेल्या गोठ्याचं उघडं दार.

"जाळायच्या होत्या," तो म्हणाला. "टांगल्या तेव्हा ठरवलं होतं. उजेडात बघितल्या आणि जमेना. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी काढून बघायचो. माझं काय चुकतं ते कळेल म्हणून."

"कळलं?" येल्कानं विचारलं.

"नाही."

"अर्ज केलास ते मला का नाही सांगितलंस?"

"तू हसली असतीस."

"हसले असते," येल्का म्हणाली.

"पोलिसांना फोन करू?" वेस्नानं विचारलं.

"नको. याच माणसानं हे फोटो मोठे करून द्यायचे, तितका चांगला हात दुसऱ्या कुणाचा नाही. आणि उद्घाटनाला सगळ्यांसमोर सांगायचं, काळ्या फिल्म्स कुठून आल्या ते. समितीलाही."

स्रेच्कोनं मान हलवली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आणि माझं काय?" रायको म्हणाला. "महिनाभर मला चोर ठरवलंस. आईकडे जाऊन बसलीस."

"तू केलं नाहीस, तुझ्यावर आळ घेतला ते चुकलं माझं," येल्का म्हणाली. "पण तू केलं असशील हे मला लगेच खरं वाटलं, रायको. ते का, त्याचा तू विचार कर."

रायको टेबलावर वाकला होता. गोठ्याच्या दाराचा फोटो बघत राहिला, मग भिंग मागून घेतलं, मग चष्मा काढून पुन्हा बघितलं. त्याचे कान हळूहळू लाल झाले. छान आहे असं तो म्हणाला नाही. बराच वेळ गेल्यावर, वर न बघता, त्यानं विचारलं,

"हा किती स्टॉपवर घेतलास?"

लेन्स किती उघडी ठेवलीस, असलं काही त्यानं तिला वीस वर्षांत विचारलं नव्हतं. येल्कानं सहाही स्लाइड्स गोळा करून खोक्यात ठेवल्या.

"नाही सांगणार," ती म्हणाली, आणि टेबलाखालचा दिवा बंद केला.