हुंकार कोणी द्यायचा

लामत्याला निघायचं म्हटलं की प्रेमलाल गुरुजींना सासुरवाडीला निघाल्यासारखा हुरूप यायचा. बालाघाटहून छोट्या रुळांची गाडी, खांद्याला सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरचं धूड, आणि खिशात भाजलेले शेंगदाणे. साल एकोणसत्तर. जुन्या माणसांच्या तोंडून लढाईच्या दिवसांच्या आठवणी टेपवर घ्यायच्या, हे वेड त्यांनी हौसेनं लावून घेतलं होतं. बायको चिडवायची, घरातलं कोणाचं ऐकत नाही आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांचं ऐकत हिंडता. खोटं नव्हतं ते.

त्या दिवशी सांगायची पाळी लामत्याच्या तुळसाबाईची होती. तिचा नवरा फकिरा बेचाळीस साली बर्म्याच्या लढाईवर गेला तो गेलाच. मेला म्हणून कोणी कळवलं नाही, परतही आला नाही. तेव्हा पोटात असलेला टिकाराम आता रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता, बाप गेला त्या वयापेक्षा मोठा झाला होता. बापाबद्दल त्यानं काही विचारलं की मायचं बोलणं तिथंच खुंटायचं. आज मात्र ती सगळं सांगणार होती. टिकारामनं रजा टाकली होती. गुरुजींना जयभीम घालून, चहा देऊन तो कोपऱ्यात जो बसला, तो भुकेल्या पोरानं चुलीपुढं बसावं तसा.

गुरुजींनी बजावलं, मध्ये कोणी बोलायचं नाही. हुंकारसुद्धा द्यायचा नाही, टेपवर उमटतो.

इथंच तुळसाबाई अडली. आमच्याकडे कोणी गोष्ट सांगू लागलं की समोरच्यानं वाक्यावाक्याला 'हौ' म्हणायचं असतं. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो, मग तो कितीही बोलका असो.

"हुंकाराबिगर कशी सांगू, गुरुजी? भिताडाशी बोलल्यावानी वाटते मले."

"कोणीतरी देऊन राह्यलं असं मनात धरा, मावशी."

"कोणाले धरू?"

"तुमाले वाटन त्याले धरा."

गुरुजी आपले सहज बोलून गेले. शिकलेला माणूस, पण कुठं काय बोलावं याला काही धरबंध नको का!

तुळसाबाईनं डोळे मिटले आणि सुरू केलं. लामत्याच्या स्टेशनावर फकिरानं डब्यातून हात हलवला तो. मग नुसती वाट पाहणं. पोरगं झालं, नाव ठेवलं, पण कळवावं कुठं, पत्ताच ठाऊक नाही. दर वाक्याला ती जरा थांबायची, मान डोलवायची, आणि समाधानानं पुढं सरकायची. बाहेर पूस महिन्याचं पिवळं ऊन होतं, कुठंतरी धान उकडल्याचा वास येत होता. हळूहळू शेजारचं कांडण थांबलं, कावळेही गप्प झाले. टिकारामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. इतकं सुख त्याला लग्नातही झालं नसेल.

"झालं... एवढीच," ती म्हणाली.

गुरुजींनी टेप मागं गुंडाळून लावली. यंत्रातून तुळसाबाईचा आवाज आला, पहिलं वाक्य संपलं, आणि तिनं सोडलेल्या जागेत कोणीतरी म्हणालं, "हौ."

टिकारामनं गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी टिकारामकडे. पुढच्या वाक्यालाही तेच. तरण्या पोराचा आवाज होता, अगदी जवळून आलेला. गुरुजींचे शेंगदाणे तोंडातच राहिले. आणि खोलीत कसला तरी वास भरत चालला होता, दिवसचे दिवस अंगावर भिजलेल्या कपड्यांना येतो तसला.

तुळसाबाई घाबरली नाही. पदर सावरून ती जरा पुढं सरकली. कोणी घरचं माणूस समोर बसलं असावं तशी ऐकत राहिली.

टेपवर तिची गोष्ट संपली. मग तोच आवाज म्हणाला, "आता मी सांगतो. तू हुंकार दे."

पुढं नुसती खरखर होती. गुरुजींनी घाईघाईनं बटण दाबलं. चाकं थांबली, खरखर थांबली.

तुळसाबाई म्हणाली, "हौ."

थोडं थांबून पुन्हा, "हौ..."

बंद यंत्राकडे तोंड करून ती ऐकत होती. मध्येच डोळे भरून आले तिचे, मध्येच खुदकन हसली. कितीतरी वेळ तिचं तसंच चाललं होतं. थांबवायची गुरुजींची छाती होईना.

"माय," टिकाराम कुजबुजला, "काय... काय म्हणून राह्यले बाबा?"

"तुह्यं नाव विचारून राह्यले."

 सत्तावीस वर्षं हे नाव ज्याला सांगायचं राहिलं होतं, तो आता विचारत होता. भीती असेल तर ती कुठल्या कुठं गेली.

"टिकाराम," तो म्हणाला. "टिकाराम फकिरा."

तुळसाबाईनं ऐकलं. मान डोलवली.

"हौ... चांगलं ठेवलं म्हणतात." मग जराशानं, "दाराशी ये म्हणतात. कसा दिसतो ते पाहू दे."

गुरुजींना ओरडून सांगावंसं वाटलं, जाऊ नको.  टिकाराम उठला, सदऱ्याच्या गुंड्या लावल्या, केसांवरून हात फिरवला आणि दारात जाऊन ताठ उभा राहिला. अंगणात ऊन होतं. दुसरं काही नव्हतं. त्याच्या तोंडावर मात्र असा आनंद होता की गुरुजींनी नजर खाली घातली.

मग टिकाराम एक पाऊल बाजूला सरला, आत येणाऱ्याला वाट द्यावी तसा.

चटईवर बसलेल्या गुरुजींनी आपले पाय जवळ ओढून घेतले.