भिंत ओली आहे तोवर

"हात लावू नका!"

दर्शना फळीवरून ओरडली, पण उशीर झाला होता. दारातल्या माणसानं ओल्या भिंतीवर चार बोटं टेकवलीच होती.

"सुकली नाही का अजून?" स्वतःच्या पांढऱ्या बोटांकडे बघत त्यानं विचारलं.

"सुकली असती तर मी इथं हवा खायला उभी राहिले असते का?" ती तणतणत खाली उतरली. "कोण तुम्ही? आणि आत कशाला आलात?"

"मी नितेश. घर आमचंच आहे..." तो अपराध्यासारखा म्हणाला. "चहा आणलाय."

आता बोला! मालकाच्या मुलालाच झापलं होतं. दर्शनाचे कान तापले, पण माघार घेईल तर ती गंगाराम गवंड्याची मुलगी कसली! बाबांचं मनगट दुखायला लागल्यापासून गिलाव्यावरचा नीरूचा, म्हणजे मऊ चुन्याचा, शेवटचा हात तीच मारायची. तिनं पातळ, लवचिक पात्याचा गुरमाळा उचलला आणि एका ओढीत बोटांचे ते चारही ठसे पुसून टाकले.

नितेश बघतच राहिला. "अजिबात दाबत नाहीस?"

"दाबलं की ओरखडा उठतो. पातं नुसतं आडवं धरायचं. ते भिंतीच्या कलानं वाकतं, आपण त्याच्यासोबत जायचं."

"आमच्या आईला शिकव की हे. ती मला नुसती दाबतेच आहे."

"कशासाठी?"

"लग्नासाठी!"

दर्शनाला हसू फुटलं. तोही हसला. मांडवीच्या त्या घरात, माडीवरच्या नव्या खोलीत, हे असं सुरू झालं.

नीरूच्या कामात एक गंमत असते. पहिला हात दिला की लगेच दुसरा देता येत नाही. भिंतीनं पाणी ओढेपर्यंत थांबावं लागतं. घाई केली तर थर सोलून येतो, उशीर केला तर भिंत कडक होते आणि मग कुणाला दाद देत नाही. ही मधली वेळ दर्शनाला एरवी जाम कंटाळवाणी वाटायची. आता मात्र... त्या वेळेत नितेश चहा घेऊन वर यायचा. तो मालवाहू बोटीवर कामाला होता, सुट्टीवर आलेला. बोटीवरच्या गमती सांगायचा, तिला चिडवायचा, आणि ती चिडली की खूश व्हायचा.

त्यात परतीचा पाऊस रेंगाळला होता. हवा दमट असली की भिंत पाणी ओढायला वेळ लावते. बाबा त्या पावसाला शिव्या घालत. दर्शना तोंडदेखलं "हो ना" म्हणायची, आणि मनात म्हणायची, पड रे बाबा, अजून थोडा पड!

मग एक दिवस नितेशची आई, सगुणाकाकी, वर आल्या. भिंती बघून हरखल्या.

"आरशासारख्या केल्यास गो! सून आली की बघत राहील. चिपळूणचं स्थळ आहे, मुलगी बँकेत आहे हो."

दर्शना हसली. हसावंच लागतं अशा वेळी.  दुसरीच्या संसाराच्या भिंती ती गुळगुळीत करत होती, आणि तिचा जीव जडला होता तो चहा घेऊन येणाऱ्यावर. सांगणार कुणाला? सांगण्यासारखं होतं तरी काय? चार थट्टेचे शब्द. एकदा तिच्या गालावर नीरूचा थेंब उडाला होता. तो पुसायला नितेशचा हात पुढे आला—आणि तसाच मागे गेला. त्या मागे गेलेल्या हाताच्या आठवणीनं ती किती तळमळली, ते तिचं तिलाच ठाऊक.

शेवटची भिंत उरली तेव्हा नितेशला बोटीवर परतायला एकच दिवस राहिला होता. आणि पाऊस? मेला नेमका त्याच दिवशी गायब! खिडकीतून लख्ख ऊन आलं आणि भिंत भराभरा पाणी ओढू लागली. नितेश कप हातात धरून बसला होता.

"आज बोटीवरची गोष्ट नाही?" तिनं विचारलं.

"बोटीवर भिंती लोखंडाच्या... ओल्या भिंतीचा वास नाही येत तिथं."

"मग आठवण काढायची."

"नुसत्या वासाची?"

 तिनं बोट उलटं करून भिंतीला लावून बघितलं. भिंत तयार होती. आता थांबून चालणार नव्हतं. तिनं गुरमाळा घेतला, त्याच्याकडे पाठ केली आणि लांब ओढ घ्यायला सुरुवात केली.

"दर्शना... चिपळूणला मी नाही म्हणून कळवलंय."

तिचा हात थांबला. भिंतीच्या ऐन मध्यावर, पातं टेकलेलं असताना थांबला! असं आजवर कधी झालं नव्हतं.

"कधी?"

"आईनं तुला सांगितलं ना, त्याच रात्री. घरात तेव्हापासून महाभारत चाललंय."

"आणि हे आज सांगताय? माझ्या पाठीला?"

"तुझ्या तोंडाकडे बघितलं की काही सुचत नाही," तो म्हणाला. "या खोलीत तूच यावीस, एवढंच म्हणायचं होतं. येशील?"

 तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गंगाराम आत आला आणि त्यानं रोजच्यासारखी मोबाईलची बॅटरी पेटवून भिंतीलगत आडवी धरली. तिरप्या उजेडात मधोमध उठलेला वळ स्पष्ट दिसला.

"हात थांबला काय गो तुझा?" त्यानं आधी लेकीकडे, मग नितेशकडे बघितलं. "तू काय बोललास रे हिला?"

नितेश ताठ उभा राहिला. "लग्नाचं विचारलं, काका."

"आणि ती?"

"अजून काही बोलली नाही."

गंगारामनं बोट उलटं करून वळाजवळ लावून बघितलं. "अजून ओली आहे, दर्शना. पुसायचा तर आत्ता पूस. नंतर म्हणशील तर निघायचा नाही हा."

दर्शना भिंतीपाशी गेली.  तिनं वळाच्या डाव्या बाजूवरून पातं हळुवार फिरवलं, मग उजव्या बाजूवरून. भिंत लखलखली. वळाला मात्र तिनं हातही लावला नाही. गुरमाळा बादलीत बुडवून ती धुवायला बसली.

"हं," गंगाराम म्हणाला. "सगुणाबाईंना तोंड द्यायला मला जायला हवं म्हणायचं." आणि तो खाली गेला.

तिच्या गालावर आजही नीरूचा थेंब होता. नितेशचा हात पुढे आला. या वेळी मागे गेला नाही.

"मी येईपर्यंत तो वळ राहील ना गं?" त्यानं हळूच विचारलं.

"तो कुठे जातोय!" तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही तेवढे परत या."