पांढऱ्या गाडीतले होकार

सांगते, पण मध्येच कुणी दचकवू नका. मी आधीच घाबरट.

आमच्या अण्णांना अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली. बोलणं गेलं, बसणं गेलं. भिंतीवरच्या गावच्या घराच्या फोटोकडे मात्र दिवसभर बघत राहायचे. म्हणून मी आणि माझ्या भावाने, सिद्धेशने ठरवलं: जुनी व्हॅन घ्यायची, आत पलंग नि छोटा ओटा बसवायचा, आणि अण्णांना झोपवूनच गावी न्यायचं.

भर दुपारी साकीनाक्याला नंदूदादांच्या यार्डात गेलो. लांबीला पुरतील अशा दोनच गाड्या होत्या. चंदेरी नवी वाटत होती. पांढरी कोपऱ्यात, काचांवर धूळ, दार दोरीने बांधलेलं.

मी चंदेरीत आडवी पडून पाहिलं.

"मावतेस का गं?" सिद्धेशने विचारलं.

"मी मावते. अण्णाही मावतील. ती पांढरी कुणाची होती?"

"भांडुपच्या मंडळाची," नंदूदादा म्हणाले. "गिरणीतली जुनी माणसा. दरवर्षी गणपतीक हिच्यातनाच गावाक जायची. एकेक करून सगळी देवाघरी गेली. गाडी रवली."

"अण्णा पण गिरणीतलेच," सिद्धेश म्हणाला.

चंदेरी ठरली. नंदूदादांनी नारळ आणला. "देवाक गाऱ्हाणा कोण घालतलो?"

"मला नाही येत यार. हिला सांगा. अण्णा घालायचे तेव्हा ही मागे उभी राहून ओठ हलवायची."

चंदेरीसमोर नारळ धरून मी उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा... आमच्या अण्णांका... सुखरूप गावाक पोचव रे म्हाराजा..."

यावर जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. सिद्धेशने तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच...

"व्हय म्हाराजा!"

वीस-पंचवीस गळे, एका दमात. माझ्या पाठीमागून. दोरीने बांधलेल्या त्या पांढऱ्या गाडीतून.

नाक्यावरचे हॉर्न, शेजारचं वेल्डिंग, काही ऐकूच येईना. कापसाचा आणि विडीचा वास आला. आणि खरं सांगू? मी घाबरले नाही. मी! देवळातली घंटा अंगातून जावी तसं काहीतरी आरपार गेलं. डोळे भरून आले.

"तू... ऐकलंस?"

"हं..." सिद्धेश म्हणाला.

नंदूदादांनी पायातल्या चपला काढल्या. "हीच न्या," ते पांढरीकडे बघत हळूच म्हणाले.

गेल्या रविवारी सकाळी निघायचं होतं. अण्णांना पांढऱ्या गाडीतल्या पलंगावर झोपवलं. चांगल्या हाताने कठडा धरून ते इंच इंच सरकले, पार पत्र्याला टेकले. शेजारी एका माणसाची जागा रिकामी. गिरणीच्या दिवसांत खोलीत वीस जण असेच दाटीने झोपायचे, ते पूर्वी सांगायचे. त्या रिकाम्या जागेकडे बघून ते हसत होते.

आई पिशवी भरत होती. "कपडे किती घेऊ गं? परत कधी यायचं?"

परत.

पोचव म्हणाले होते मी. परत आण म्हणायचं राहिलंच होतं.

धावत जाऊन दुसरा नारळ आणला. गाडीसमोर उभी राहिले. "...आणि अण्णांका परत घरी घेऊन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

"व्हय म्हाराजा," सिद्धेश म्हणाला.

मी गाडीच्या दाराला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

आतून कुणीच काही बोललं नाही.